माझ्या नावावरचा दत्तरावचा फंड

मी, सूर्यभान राघोजी खिल्लारे, वय अंदाजे सत्तावन्न, धर्म बौद्ध, धंदा पूर्वी जिनिंग कारखान्यात तेलवाला, राहणार जिंतूर, जिल्हा परभणी, हे मृत्युपत्र माझ्या घराच्या ओसरीत बसून तोंडाने सांगत आहे आणि दस्तलेखक बन्सीधर ते लिहून घेत आहेत. माझी अक्कल ठिकाणावर आहे. ती नसती तर हे काम मी आणखी एक वर्ष पुढे ढकलले असते, कारण गेली एकोणीस वर्षे मी तेच करत आलो. छातीच्या दुखण्याबद्दल डॉक्टरांनी जे सांगितले ते मला नीट समजले आहे. मी कोणाच्या धाकात नाही, नशेत नाही. माझी पत्नी सुलाबाई आत चहा करत आहे आणि मी रेशनकार्डाचे काहीतरी करतो आहे असे तिला वाटते.

बन्सीधर म्हणतात, आधी इस्टेट सांगा, माणसांचे नंतर बघू. पण दत्तराव किसन वाव्हळे कोण हे सांगितल्याशिवाय माझी इस्टेट कोणाला कळायची नाही.

दत्तराव माझा नातेवाईक नव्हे. आम्ही दोघे एकाच जिनात, एकाच इंजिनावर तेलवाले होतो. दिवसपाळी त्याची, रातपाळी माझी. दिवाळीनंतर कापूस येऊ लागला की चार-पाच महिने जिन चाले आणि तेवढ्या दिवसांत वर्षाची बेगमी करावी लागे. एक खाडा झाला की मुकादम बिल्ला काढून दुसऱ्याला देई. बिल्ला म्हणजे नंबर कोरलेला पितळी तुकडा. ज्याच्या छातीवर तो, त्याची हजेरी. म्हणून कामगारांत एक रीत होती. एकाला अडचण आली की दुसऱ्याने त्याचा बिल्ला लावून त्याची पाळी काढायची. चेहऱ्याकडे कोणी बघत नसे, रुईच्या भुग्याने सगळेच पांढरे दिसत.

सन १९५९ च्या डिसेंबरात दत्तरावच्या बायकोला, म्हणजे सत्यशीलाला, पोखर्णीला माहेरी मुलगी झाली. माझी रातपाळी सुटली तेव्हा तो फाटकाशी उभा होता. पाय जमिनीवर ठरत नव्हते.

"सूर्यभान, पोरगी झाली रे! तोंड बघून येतो. आजची पाळी काढशील का?"

मी म्हणालो, "जा की. येताना पेढे आण. गुळावर भागवलंस तर उंबऱ्याच्या आत घेणार न्हाई."

त्याने अंगातला खाकी सदरा काढून दिला, बिल्ला खिशावर टाचलेलाच होता. रात्रभर जागलेला मी तसाच त्याच्या पाळीवर उभा राहिलो. दुपारी अडीचच्या सुमारास खालच्या शाफ्टवरचा पट्टा उतरला. तो परत चढवताना माझा उजवा हात कोपराखाली गेला.

दवाखान्याच्या कागदावर बिल्ल्याप्रमाणे नाव पडले, दत्तराव किसन वाव्हळे. मला शुद्ध आली तेव्हा आमचे मुकादम व्यंकटराव खाटेशी बसले होते. ते कानाशी लागून म्हणाले, "सूर्यभान, दिवसपाळीला तू कागदावर नव्हतासच. खरं बोललास तर शेठ म्हणतील, ह्यो गडी त्या टायमाला आमचा न्हवताच. भरपाईचा छदाम मिळायचा न्हाई. आता दत्तरावच ऱ्हा." त्यांना स्वतःच्या नोकरीची फिकर होती, पण बोलले ते खरे होते.

संध्याकाळी दत्तराव आला. हातात पेढ्यांचा पुडा होता, तो त्याला कुठे ठेवावा ते कळेना. त्याला सगळे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "घे माहं नाव. नावाला काय चाटायचंय? तुहं मला दे, मी त्याच्यावर काम करतो."

अशा रीतीने कागदावर हात गेला दत्तरावचा, आणि त्याच्या नावाने आलेली नुकसानभरपाई मला मिळाली. धडधाकट दत्तराव पुढच्या आठवड्यापासून माझा बिल्ला लावून सूर्यभान खिल्लारे या नावाने कामावर जाऊ लागला आणि आजतागायत जातो. जिनातल्या सगळ्यांना हे ठाऊक आहे. तपासणीचे साहेब आले की कापूस घालणाऱ्या बाया त्याला मोठमोठ्याने 'सूर्यभानदादा' अशा हाका मारतात आणि साहेबांची जीप वळली की पोट धरून हसतात. यात सरकारची फसवणूक झाली असेल तर ती माझ्या एकट्याच्या माथी लिहावी. एक हात गेला आणि एकाच हाताचे पैसे घेतले, एवढे माझे म्हणणे आहे.

आता इस्टेट.

कलम १. राहते घर. हे घर भरपाईच्या पैशातून घेतले, त्यामुळे खरेदीखत दत्तरावच्या नावाने झाले. आम्ही सोळा-सतरा वर्षे त्याच्या घरात राहिलो आणि तो दर रविवारी बाहेरून "हाय का कुणी?" असे विचारूनच आत आला. गेल्या वर्षी माझे दुखणे कळल्यावर त्याने मला न विचारता कचेरीत जाऊन हे घर सुलाबाईच्या नावाने बक्षीस करून दिले. स्टँपचा खर्चही त्यानेच केला. मी रागावलो तर म्हणाला, "माहं घर हाय, मी कुणालाबी देईन." त्यामुळे घराबद्दल मला काही लिहायचे उरले नाही. ओसरीची पश्चिमेची भिंत ओली होते, तिला माझा मुलगा चंद्रभान याने पावसाळ्याआधी गिलावा करावा.

कलम २. सुलाबाई. भांडीकुंडी, शेळ्या, दोन गोधड्या आणि घरातील सर्व जिन्नस तिचे आहेत आणि आधीपासूनच होते. तिला द्यायला माझ्यापाशी निराळे काही नाही. एका हाताने भाकरी मोडता येत नाही आणि पायजम्याची नाडीही बांधता येत नाही. ही दोन्ही कामे तिने एकोणीस वर्षे केली. चारचौघांत जेवायला बसलो की माझ्या ताटात भाकरी मोडूनच येई आणि इतरांच्याही ताटात ती मोडूनच वाढी, म्हणजे माझ्याकडे कोणाचे लक्ष जाऊ नये. हे मला सात-आठ वर्षांनी कळले. कळल्यावरही मी तिला काही बोललो नाही, ते आज लिहून ठेवतो. सुला, मला सगळे दिसत होते. तुझ्याइतका जीव मी कोणाला लावला नाही.

कलम ३. तेलाची पितळी झारी. ही कारखान्याची होती, ती मी परत केली नाही आणि आता करणारही नाही. ती इंजिनवाले महेबूबभाई यांना द्यावी. त्या दिवशी त्यांनी इंजिन बंद केले म्हणून हात कोपराखालीच थांबला. खांदाही गेला असता.

मुकादम व्यंकटराव यांना मी माफ केले आहे. पूर्ण नाही, बारा आणे. राहिलेले चार आणे कलम ६ वाचल्यावर कळतील. आणि आमचे शेजारी सिताराम ढाले यांनी सन १९६० साली भर पारावर "हात गेला, पर घर तर झालं!" असे उद्गार काढले होते. तेव्हापासून मी त्यांच्या घरचे पाणी प्यालो नाही. त्यांनाही माफ करतो. हे कलम त्यांना ऐकावेच लागावे म्हणून मी त्यांना मुद्दाम साक्षीदार घेतले आहे. सितारामराव, खाली बघू नका, चहा येतो आहे, तो घेऊनच जा.

कलम ४. जखमडबा. हा डालड्याचा पिवळा डबा आहे. हात गेल्यावर मला भरपाई मिळाली, पण ती हाती पडेपर्यंत दहा महिने गेले. त्या दहा महिन्यांत जिनातल्या बायांनी आणि गड्यांनी दर पगाराला आमच्या घरी जोंधळे आणून टाकले. भरपाई झाल्यावर मी फाटकाशी बसू लागलो. जवळ आयोडीनची बाटली, बोरिक कापूस, पट्ट्या आणि हा डबा. दर पगाराला ज्याने त्याने आपल्या ऐपतीने त्यात टाकावे, आणि कोणाला इजा झाली तर सरकारचा कागद हलेपर्यंत त्याच्या घरची चूल त्यातून पेटावी. कोण किती टाकतो हे मी कधी पाहिले नाही, तोंड पलीकडे करून बसत असे. हा डबा मी कमलबाईच्या स्वाधीन करतो. ती सोळा वर्षे जिनावर कापूस घालते आणि तिचा आवाज इंजिनाच्या वर जातो. तिने दोन नियम पाळावे. इजा झालेल्याला, तू बदलीवर होतास का, हे विचारू नये. आणि त्याच्या घरी पैसे पुरुषाच्या हाती देऊ नयेत, बाईच्या हाती द्यावेत.

कलम ५. फंड. हे मृत्युपत्र करण्याचे कारण हेच आहे.

फंड म्हणजे दर पगारातून थोडे कापून आणि मालकाने तेवढेच घालून कामगाराच्या म्हातारपणासाठी सरकारकडे साठणारा पैसा. जिनिंगच्या कामगारांना तो लागू झाल्यापासून सूर्यभान राघोजी खिल्लारे या नावाने एक खाते चालू आहे. त्यातला एकही पैसा सूर्यभान खिल्लारे याने मिळवलेला नाही. तो सर्व दत्तरावच्या घामाचा आहे. पण खाते माझे म्हणून वारस सुलाबाई लागली आहे.

मी मेलो आणि त्याची नोंद झाली की सूर्यभान खिल्लारे जिनात कामाला येऊ शकत नाही. म्हणजे मरायचे मी आणि नोकरी जायची दत्तरावची. त्रेपन्नाव्या वर्षी तो दुसरीकडे कुठे जाईल? त्याच्या स्वतःच्या नावाने तर तो कागदावर एक हात नसलेला माणूस आहे. त्याच्या मागे सत्यशीला आहे, आणि त्या दिवशी जन्मलेली गीता परभणीला नर्सचे शिक्षण घेते आहे. तिची दोन वर्षे अजून बाकी आहेत.

म्हणून मी असे ठरवतो की, फंडाची जी रक्कम सुलाबाईच्या हाती येईल ती सर्वच्या सर्व तिने दत्तराव किसन वाव्हळे याला द्यावी. माझा मुलगा चंद्रभान गंगाखेडला शिक्षक आहे, त्याने फॉर्म भरून पाठपुरावा करावा. त्याने पहिल्यांदा हे ऐकले तेव्हा तो म्हणाला होता, "बाबा, कायद्यानं तो पैसा आईचा होतो." मी म्हणालो, "कायद्यानं तर तुझ्या बापाला अजून दोन हात हायेत." तो हसला. दुसऱ्या दिवशी फॉर्म घेऊन आला. पोरगा सोन्यासारखा आहे, फक्त हिशेबी आहे, ते मास्तरकीने होते.

अडचण चंद्रभानची नाही. अडचण दत्तरावची आहे. गेल्या दिवाळीत मी त्याच्याकडे विषय काढला तर तो ताटावरून उठला. म्हणाला, "न्हाई. माह्या सदऱ्याच्या बाहीनं तुहा हात गेला. त्या पैशाला मी शिवणार न्हाई. वैनीलाच ऱ्हाऊ दे."

सत्यशीला मला दारापर्यंत सोडायला आली. "भावजी, तुमीच समजावा," ती म्हणाली. "माझं तर ऐकंनाच झालेत. पुरी बाहीचा सदरा घालायचं सोडलं त्या सालापासून. थंडीत कुडकुडायलेत, पर घालत न्हाईत."

मी हो म्हणालो आणि घरी आलो. समजावण्यासारखी एकच गोष्ट माझ्यापाशी होती आणि ती सांगायचे धाडस नव्हते. आता सांगतो. हे कलम बन्सीधर यांनी वाचताना मोठ्याने वाचावे. दत्तराव बाहेर बाजेवर बसला आहे. आज रविवार आहे. दार उघडे ठेवावे.

कलम ६. दत्तराव, तुझ्या बाहीने माझा हात गेला नाही.

बाही मी कोपराच्या वर दुमडलेली होती. दोन्ही बाह्या. तेल घालताना मी नेहमीच दुमडत असे, तुला माहीत आहे, पण तुझ्या मनात ते आले नाही कारण मी येऊ दिले नाही. पट्टा उतरला तेव्हा इंजिन थांबवायला सांगायचे असते. महेबूबभाई वीस पावलांवर होते. हाक मारायची होती, बस. पण इंजिन थांबले की पुन्हा चालू व्हायला वेळ जातो, शेठ वरून ओरडतात आणि बाया खोळंबतात. चालत्या शाफ्टवर पट्टा चढवणारा म्हणून माझा जिनात मोठा डौल होता. बाया लांबून बघत होत्या. मी चालत्या शाफ्टवर पट्टा चढवायला गेलो आणि पट्ट्याने हात ओढला. बाहीचा त्यात काही संबंध नाही.

भिंतीवर पाटी होती, चालत्या पट्ट्याला हात लावू नये. व्यंकटराव म्हणाले, खरे सांगितलेस तर तू हुकूम मोडलास असे होईल आणि भरपाई बुडेल, तेव्हा सांग की सदऱ्याची बाही अडकली. चौकशीला आलेल्या साहेबांना मी तेच सांगितले. सदरा तर दवाखान्यात कापून काढला होता, बघणार कोण? साहेबांशी खोटे बोललो त्याचे मला फारसे वाटत नाही. घरात चार तोंडे होती. पण हात गेला त्या संध्याकाळी तू खाटेशी बसून रडलास, "माह्या बाहीनं झालं, माह्या बाहीनं झालं" असे म्हणत राहिलास, तेव्हा खोलीत साहेब नव्हते. तेव्हा मी तुला सांगू शकत होतो.

का सांगितले नाही? एकोणीस वर्षे मी स्वतःला सांगत आलो की तू नाव परत मागशील ही भीती होती. तेही खोटे. तू मागणारा माणूस नव्हेस. खरे असे की त्या संध्याकाळी मला तुझा राग आला होता. एकाच दिवशी तुला मुलगी झाली आणि माझा हात गेला. तुझ्या हातात पेढे होते. मला वाटले, याच्याही जिवाला काहीतरी लागू दे. तेवढेच वाटले आणि मी गप्प राहिलो. आठवड्याभरात राग गेला. पण तोवर तू माझ्या नावाने कामाला उभा राहिला होतास आणि मला तोंड उघडायची लाज वाटली. मग वर्षे गेली.

या माझ्या गप्प बसण्याने आणखी एक झाले. बाहीची गोष्ट खरी मानून शेठनी जिनात नियम केला, कामाला लागताना बाह्या वर करा. सगळे बाह्या वर करत आणि पट्टे चालत्या शाफ्टवरच चढवत. सन १९६६ मध्ये जिनातल्याच पार्वतीबाईच्या नवऱ्याची दोन बोटे अशीच गेली, बाह्या वर असताना. मी फाटकाशी बसून त्याला पट्टी बांधली आणि तोंडातून शब्द काढला नाही. महेबूबभाईंनी तेव्हा माझ्याकडे पाहिले होते. त्यांनी त्या दिवशी सगळे डोळ्यांनी पाहिले होते, पण माझी भरपाई बुडू नये म्हणून तेही गप्प राहिले. कमलबाईने हे कलम जिनात सर्वांना सांगावे. बाह्या खुशाल खाली असू द्या, पण इंजिन थांबवल्याशिवाय पट्ट्याला कोणी हात लावू नका. शेठ ओरडतील, ओरडू द्या.

तेव्हा दत्तराव, तुझ्याकडे माझे काही निघत नाही. कधीच निघत नव्हते. फंड तुझा आहे, तो मी देत नाही, तो तुझाच तुला मिळतो आहे. तू घेतला नाहीस तर त्याचे काय करावे असे बन्सीधर विचारतात. त्याची दुसरी तरतूद मी केलेली नाही आणि करणार नाही. पुऱ्या बाहीचा सदरा शिवून घे, थंडीत हाडे दुखण्याचे तुझे वय झाले आहे. माझ्यावर रागवायचे असेल तर मी आहे तोवर रागव. तुझ्यासारखा माणूस मला दुसरा मिळाला नाही आणि तुझ्याशीच मी असा वागलो.

कलम ७. माझे क्रियाकर्म बौद्ध पद्धतीने साधेपणाने करावे. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

सहीबद्दल एक खुलासा. बन्सीधर म्हणाले, अंगठा चालेल. मला तो चालणार नाही. उजवा हात गेल्यावर डाव्या हाताने मी एकच सही शिकलो, ती दत्तराव किसन वाव्हळे अशी, कारण भरपाईच्या आणि खरेदीच्या कागदांवर तीच लागत होती. माझे स्वतःचे नाव डाव्या हाताने मी कधी लिहिले नाही. गेले पंधरा दिवस पाटीवर गिरवतो आहे. 'र्य' वाकडा येतो, तो तसाच मानावा.

येणेप्रमाणे मी माझ्या राजीखुशीने लिहवून ठेवले, ऐकले, आणि ते माझ्या म्हणण्याप्रमाणे बरोबर आहे.

मुक्काम जिंतूर, ता. जिंतूर, जि. परभणी
रविवार, दिनांक १२ मार्च १९७८

(सही) सूर्यभान राघोजी खिल्लारे

साक्षीदार:
१. (सही) सिताराम भिवाजी ढाले, राहणार जिंतूर
२. (सही, उर्दूत) शेख महेबूब शेख चाँद, इंजिनवाले, राहणार जिंतूर

दस्तलेखकाचा शेरा: मृत्युपत्र सर्वांसमक्ष मोठ्याने वाचून दाखवले. कलम ६ चालू असताना दत्तराव किसन वाव्हळे बाजेवरून उठून दारात आले व वाचन संपेपर्यंत तेथेच उभे राहिले. लिहून ठेवणार सही करू लागले असता त्यांना दुसरा हात नसल्याने कागद सरकू लागला. तेव्हा सदर दत्तराव आत येऊन त्यांच्या शेजारी बसले व "थांब, कागद हलायलाय, मी धरतो," असे म्हणून त्यांनी सही पूर्ण होईपर्यंत तो दोन्ही हातांनी दाबून धरला.

(सही) बन्सीधर, दस्तलेखक